पुढं खरखरीत, मागं मऊ

"तुझे आण्णा कपडे धुवायला लागलेत," अव्वा, माझी आई, मोरीच्या दारात येऊन हळूच म्हणाली.

मी दात घासत होतो. तोंडातला फेस सांभाळत म्हटलं, "चांगलंय की. तेवढाच तुला आराम."

"आराम कसला डोंबल! लग्न झाल्यापासनं ह्या माणसानं स्वतःचा चहाचा कप विसळला न्हाई. आणि आता रोज पहाटे उठून विजार धुतेत. तीपण पांढरी. मी हात लावला तर अंगावर येतेत."

पांढरी विजार म्हणजे आण्णांचा पंचाचा पोशाख. माझे वडील भूपाल मगदूम पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, पण त्या खात्यासाठी सांगली-मिरजेत त्यांना कुणी ओळखत नव्हतं. ते कॅरमचे पंच होते. सामना संपेपर्यंत खेळाडूनं खुर्ची सोडायची नाही, हा नियम ते फार कडकपणे पाळायला लावत. एकदा एका नावाजलेल्या खेळाडूला खुर्चीतला ढेकूण चावला आणि तो ताडकन उठला, तेव्हा आण्णांनी आधी फाउल दिला आणि मग ढेकूण मारला.

"आणि ऐकलंस का," अव्वा पुढं म्हणाली, "राज्य स्पर्धेला बसत न्हाई म्हणून सांगून टाकलंय त्यांनी. डोळ्यांनी दिसत न्हाई म्हणे. परवा तांदळातला खडा लांब खुर्चीवर बसून दाखवला मला."

आता माझी ट्यूब पेटली. आण्णांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, थोडे दिवस लघवीवर ताबा राहणार नाही, काहींना वेळ लागतो. आण्णांनी मान डोलावली होती आणि घरी आल्यावर तो विषय असा बंद केला होता की आम्हाला वाटलं, मिटलं सगळं.

राज्य स्पर्धा बऱ्याच वर्षांनी सांगलीत होणार होती. अंतिम सामन्याचा पंच म्हणून आण्णांचं नाव ठरलं होतं. पहिल्यांदाच. नोकरी संपल्यावर त्या खुर्चीशिवाय त्या माणसाला दुसरं काही उरलेलं नव्हतं. आणि ती खुर्ची ते एका विजारीपायी सोडायला निघाले होते.

खरी मजा पुढेच आहे. ह्या दुखण्यावरचा इलाज ज्याच्या हातात होता, तो माणूस मोरीत उभा राहून फेस गाळत होता. मी कुपवाडच्या एमआयडीसीत पॅड बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर होतो. बायकांची सॅनिटरी पॅड आम्ही करतच होतो, आणि आता म्हाताऱ्या माणसांसाठी, बाई असो की बाप्या, लघवी शोषून घेणारं नवीन पॅड करून बघत होतो. पॅडचा सगळ्यात वरचा, अंगाला लागणारा थर कसा असावा हे ठरवणं माझं काम. त्या थरावर मी बारीक बारीक उंचवटे काढले होते आणि उंचवट्यांच्या मधोमध खाली निमुळती होत गेलेली भोकं. ओल भोकातून खाली जायची, परत वर यायची नाही, आणि अंग फक्त उंचवट्यांना टेकायचं म्हणून कोरडं राहायचं. ह्या पोताचा मला भयंकर अभिमान होता. मनातल्या मनात मी त्याला 'मगदूम पोत' म्हणत असे. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, कारण आमच्या चाचणी विभागात शमशाद मॅडम बसायच्या, आणि त्यांनी माझी खिल्ली उडवली असती.

एवढा मोठा शास्त्रज्ञ घरात असून घरात माझ्या कामाचं नाव कुणी काढत नव्हतं. आण्णा लोकांना सांगायचे, पोरगं कापडात आहे. मला मुली सांगून यायच्या तेव्हा मध्यस्थ खालच्या आवाजात विचारायचा, "पण नक्की कशाच्या कापडात?" आणि स्थळ तिथंच बारगळायचं.

तर त्या रविवारी मी कंबर कसली. आता कुणीही शहाणा मुलगा बापाजवळ बसून दोन शब्द बोलला असता. मी काय केलं, तर जेवणाच्या टेबलावर प्रात्यक्षिक मांडलं. दोन पॅड, एक मापाचा ग्लास, टीपकागद आणि कुंकू घातलेलं लाल पाणी.

"आण्णा, जरा इकडं बसा."

आण्णा बसले. समोर काय आहे ते बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"हे बायकांचं मला दाखवतोस?"

"बायकांचं नाही, आण्णा. मोठ्या माणसांसाठी नवीन काढतोय. हे बघा, हा ग्लास मी ओततो." मी ओतला. पाणी गडप झालं. "आता टीपकागद ठेवतो, वर हात दाबतो." दाबला. कागद उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. "बघा. कोरडा! हा वरचा पोत आहे ना, त्याची कमाल आहे सगळी. प्रत्येक उंचवट्याची उंची मी स्वतः..."

"जेवायच्या टेबलावर?" अव्वा स्वयंपाकघरातून ओरडली. "अरे, तिथं आम्ही भाकरी खातो!"

आण्णांनी टीपकागद हातात घेतला. उलटा केला, उजेडात धरला. सोंगटी भोकात पडली की काठावर अडली, हे बघताना करायचे तसे डोळे केले.

"अजून एक ग्लास ओत."

मी ओतला. तोही गेला.

"कळतं का बाहेरनं?"

"अजिबात नाही. अंतिम सामन्याला बसा तुम्ही. मी सांगतो ना, खात्री माझी."

आण्णा उठले. मग पॅड उचलून वर्तमानपत्रात गुंडाळलं, काखेत मारलं आणि खोलीत गेले. जाताना म्हणाले, "पोत चांगला हाय."

मला काय वाटलं म्हणून सांगू! एवढ्या वर्षांत त्या माणसानं माझ्या कामाबद्दल उच्चारलेले ते पहिले तीन शब्द. संध्याकाळी आण्णांनी स्पर्धेच्या लोकांना फोन करून कळवलं, डोळे सुधारलेत. मी गच्चीवर जाऊन शिट्टी वाजवली.

पहिले चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी अव्वा पुन्हा मोरीच्या दारात.

"परत धुतेत."

मी चक्रावलो. कंपनीत जाऊन शमशाद मॅडमच्या पुढ्यात त्याच मालातली पॅड टाकली. त्यांनी मिठाचं पाणी ओतलं, वजन ठेवलं, टीपकागद दाबला. कोरडा ठणठणीत.

"पॅडमध्ये काही दोष नाही, मगदूम," त्या म्हणाल्या. "वापरणाऱ्याला विचारा की."

"विचारायला कशाला पाहिजे? लावायला चुकत असणार."

"विचारा तरी. पॅड बोलत नाही, माणूस बोलतो."

मी कशाला विचारतोय! मी घरी जाऊन आण्णांना पॅड कसं लावावं ह्यावर एक व्याख्यान दिलं. कागदावर आकृती काढून. आण्णांनी निमूट ऐकून घेतलं.

"लावणं बरोबर हाय माझं," एवढंच म्हणाले.

"मग गळतंय कसं?"

"बघू की. व्हईल ठीक."

स्पर्धा सुरू झाली. हॉलमध्ये ओळीनं बोर्ड मांडलेले, प्रत्येकावर टांगलेला दिवा, आणि कोपऱ्यात मी, हातात एक कापडी पिशवी. पिशवीत चार जादा पॅड. आई मुलाच्या परीक्षेला केंद्राबाहेर डबा घेऊन उभी राहते तसा मी उभा होतो.

उपांत्य फेरीच्या सामन्याला आण्णा पंच होते. पहिला गेम नीट झाला. दुसऱ्या गेममध्ये मला दिसलं, आण्णा चुळबुळ करतायत. डावीकडं कलले, थोड्या वेळानं उजवीकडं कलले, मग खुर्चीच्या अगदी टोकावर आले. एक खेळाडू नेम धरून बसला होता. त्यानं मान वर केली.

"पंच, माझं काही चुकतंय का?"

"न्हाई. खेळा."

"तुम्ही हलताय सारखे. मला वाटलं हरकत घेताय."

शेजारच्या बोर्डावरची दोनचार डोकी वळली. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना खुर्चीत खिळवून ठेवलं, त्यालाच एक पोरगं भर हॉलमध्ये नीट बसा म्हणून सुनावत होतं. आण्णांचा चेहरा पडला तो मला लांबून दिसला.

सामना कसाबसा संपला. मुख्य पंच रेगे मुंबईहून आले होते. आण्णांच्याच वयाचे, परीटघडीचे, कुणाशी फार न बोलणारे. ते आण्णांना बाजूला घेऊन म्हणाले, "मगदूम, तुमची तब्येत ठीक दिसत नाही. उद्याच्या फायनलला मी दुसरा पंच देतो. वाईट वाटून घेऊ नका."

"सकाळपर्यंत थांबा," आण्णा म्हणाले. "न्हाई जमलं तर मीच सांगतो."

मग ते सरळ स्टेजमागच्या सामानाच्या खोलीत गेले. मी पिशवी घेऊन मागोमाग. तिथं जादा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले होते आणि एका कोपऱ्यात पावडरच्या डब्यांची चळत होती. आण्णांनी दार लावलं. विजार पुढून ओली होती. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"घरी जाऊ या," ते म्हणाले. "रेगेंना सांग, न्हाई जमत म्हणून."

"आण्णा, ते पॅड मला द्या."

"आता काय बघायचंय त्यात?"

"द्या तर खरं."

खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली मी ते पॅड वर्तमानपत्रावर ठेवलं. माझे लाडके उंचवटे दिसत होते, पण मधली भोकं दिसत नव्हती. सगळी पांढऱ्या लगद्यानं बुजलेली. आत जायला वाटच नाही म्हटल्यावर ओल बिचारी बाजूनं बाहेर पडली होती.

"हे पांढरं काय आहे?"

आण्णा दाराची कडी तपासायला लागले.

"आण्णा, काय आहे हे?"

"पावडर."

"कसली पावडर?"

आण्णांनी हनुवटीनं कोपऱ्यातली डब्यांची चळत दाखवली. कॅरमचा बोर्ड गुळगुळीत राहावा म्हणून टाकतात ती बोरिक पावडर!

मी कपाळावर हात मारला. "बोर्डावरची पावडर? तुम्ही पॅडवर टाकलीत? कशाला?"

"बोर्ड खरखरीत झाला तर काय करतोस? पावडर टाकतोस. तशी टाकली." आण्णांचा आवाज एकदम चढला. "टोचतंय रे ते! तुझा तो पोत का काय. पहिले चार दिवस कसंतरी सोसलं. तासभर बसलं की काटेरी गोणपाटावर बसल्यासारखं वाटतंय. सालं निघालंय मागनं."

"मग मला सांगायचं नाही का?"

"काय सांगू? जेवायच्या टेबलावर एवढं मांडून दाखवलंस. तोंड बघितलं न्हाईस स्वतःचं. पाचवीत स्कॉलरशिप मिळाली तेव्हा असा दिसत होतास. त्याला म्हणू, तुझं टोचतंय म्हणून?"

हा माणूस आपल्या आयुष्यातला एकुलता एक अंतिम सामना सोडायला तयार होता, पण पोराच्या पोताला नावं ठेवायला तयार नव्हता. आणि पोरगं त्याला आकृत्या काढून दाखवत होतं! मला रडू आलं, ते मी नाक शिंकरून लपवलं, आणि आण्णांना ते कळलं हेही मला कळलं.

"असू दे रे," ते म्हणाले. "एक विचारू का? राग मानू नको."

"विचारा की."

"लघवी येते पुढनं. बसतो आपण मागच्या बाजूवर. मग तू मागंपण काटे कशाला लावलेस?"

प्रश्न साधा होता. उत्तर त्याहून साधं होतं. पूर्ण पॅडवर एकसारखी नक्षी दिसायला सुंदर दिसते म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं. भिंगाखाली धरून मी ती नक्षी तासन् तास बघितली होती, पण त्यावर माणूस बसणार आहे, हा किरकोळ मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता.

मी शमशाद मॅडमना फोन केला. सुट्टी असूनही त्या कंपनीत आल्या. पावडरची हकीकत ऐकून आधी पोट धरून हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या.

"बोरिक? सोललेल्या कातडीवर? अहो, भाजल्यासारखं झालं असेल त्यांना. आज मलम लावायला सांगा." मग कात्री हातात घेतली. "कापू ना तुमचा पोत?"

"कापा."

"नक्की? मागनं रडायचं नाही."

"कापा हो मॅडम!"

त्यांनी कचाकचा कात्री चालवली. पुढचा तेवढा तुकडा ठेवला आणि बाकीचा मगदूम पोत कचऱ्याच्या डब्यात गेला. मागच्या भागावर साधा, कापसासारखा मऊ थर आम्ही हातानं बसवला आणि जोड इस्त्रीसारख्या गरम पट्टीनं दाबून चिकटवला. जोड वाकडा आला. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात कुरूप पॅड होतं. शमशाद मॅडमनी त्यावर मिठाचं पाणी ओतलं आणि वजन म्हणून माझी जाडजूड फाइल त्यावर ठेवली. कागद कोरडा निघाला. मग तशीच आणखी चार करून पिशवीत टाकली.

सकाळी आण्णांनी ते हातात घेऊन मागून अंगठा फिरवला, पुढून फिरवला.

"आता टोचलं तर?" मी विचारलं.

"सांगीन की," ते म्हणाले. "भर हॉलात ओरडून सांगीन."

रेगेंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "बसणार?"

"बसणार."

"मध्येच उठायची वेळ आली तर सामना थांबवावा लागेल, मगदूम. लोक तोंडावर हसतील."

"हसू देत."

अंतिम सामना एक मुंबईचा आणि एक रत्नागिरीचा, ह्यांच्यात होता. पहिला गेम मुंबईनं घेतला, दुसरा रत्नागिरीनं. तिसरा संपायचं नाव घेईना. दोघं एकेक सोंगटी घ्यायला जीव तोडून झटत होते. राणी भोकाच्या तोंडाशी येऊन बसली की परत मधोमध जायची. हॉलमधली माणसं बोर्डाकडं बघत होती. मी एकटा पंचाच्या कंबरेकडं बघत होतो. आण्णा जरासे पुढं झुकले की माझा श्वास अडकायचा, ते मागं टेकले की सुटायचा. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ वैतागून म्हणाले, "ओ, नीट बसा की जरा! किती हलताय!"

आण्णा मात्र हलले नाहीत. रत्नागिरीवाल्याचं कोपर रेषेच्या पुढं आलं तेव्हा त्यांचा आवाज घुमला, "फाउल!" त्यानं हुज्जत घातली. आण्णांनी शांतपणे नियम सांगितला आणि सोंगटी मधोमध ठेवायला लावली. शेवटची सोंगटी गेली, टाळ्या वाजल्या, दोघा खेळाडूंनी हात मिळवले. मग आण्णा उठले. पांढरी विजार मागून पुढून पांढरीच होती. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की हातातली पिशवी खाली पडली आणि त्यातून एक पॅड घरंगळत शेजारच्या गृहस्थांच्या बुटापाशी गेलं. त्यांनी ते उचललं, बघितलं आणि तापला तवा लागल्यासारखं माझ्या हातात टाकलं.

बक्षीस समारंभ झाल्यावर आण्णा आणि मी पाण्याच्या टाकीपाशी उभे होतो. रेगे आले. आण्णांशी हात मिळवला, छान झाला सामना म्हणाले. पण गेले नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"मगदूम, काल त्या खोलीत तुम्ही दोघं बोलत होतात. मी बाहेर होतो. दार पातळ आहे हो." ते माझ्याकडं वळले. आवाज इतका खाली आला की मला वाकावं लागलं. "माझंही दोन वर्षांपूर्वी तेच ऑपरेशन झालं. मी मुख्य पंच का झालो माहीत आहे? मुख्य पंचाला बोर्डावर बसावं लागत नाही. हिंडता येतं, केव्हाही बाहेर जाता येतं. पण बोर्डावर बसायला मन फार तडफडतं." मग ते म्हणाले, "एखादं आहे का पिशवीत?"

माझ्यातला इंजिनिअर लगेच जागा झाला. "आहे ना सर! त्याचं काय आहे, वरच्या थरावर मी जे उंचवटे..."

"तू गप रे," आण्णा म्हणाले.

त्यांनी रेगेंच्या खांद्यावर हात टाकला. "ऐका. पुढं खरखरीत पाहिजे, मागं मऊ. हे डोकं माझं हाय. पोरगं दोन्हीकडं काटे लावत होतं. मी म्हटलं, लेका, बसायचंय कुणाला? मग कापायला लावलं."

"म्हणजे हे डिझाइन तुमचं?" रेगेंनी विचारलं.

"मग कुणाचं? त्यानं नुसतं चिकटवलं. पॅड म्हणतेत ह्याला, रेगे. पॅड! लाजायचं काय त्यात? मोठ्यानं म्हणा."

त्यांचा तो फाउल देणारा आवाज टाकीपासून हॉलच्या पायऱ्यांपर्यंत गेला. पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. एरवी मी जमिनीत गडप झालो असतो. त्या दिवशी मी पिशवीतून दोन पॅड काढून रेगेंच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "हो सर. डिझाइन आण्णांचंच."

मागं गुण लिहिणारे म्हातारे कोष्टी मघापासून रिकाम्या पेल्यातून पाणी पीत उभे होते. ते एक पाऊल पुढं आले. आण्णांनी त्यांच्याकडं बघितलं, घसा खाकरला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.